आज किती पानं?

आमच्या घरात रडण्याचा मक्ता माझ्याकडे आहे. मला राग आला की रडू येतं, लाज वाटली की रडू येतं, कुणी कौतुक केलं तरी नाक लाल होतं. लग्नात मुलीकडची माणसं रडायच्या आत मी सुरू झालेली असते, आणि मुलीची आई स्वतःचं रडणं बाजूला ठेवून मलाच पाणी देते. हुबळीच्या कमरीपेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक भांडं उलटसुलट करून बघायला लागलं की अप्पा त्याला सांगतात, "निर्धास्त घ्या. आमच्याकडं गळकं भांडं एकच आहे, ते आम्ही घरी ठेवलंय." गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मला कळतं, आणि मग अप्पांचं म्हणणं खरं ठरतं.

आमचे पूर्वज मिरजेकडून हुबळीला आले ते व्यापारासाठी, आणि मग इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि जिन्यावर दोन्ही. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. एका भाषेत शब्द सापडला नाही तर दुसरीतला उचलायचा, ही सोय त्यांच्याकडे नाही.

माझ्या मोठ्या भावाचं, अण्णाचं लग्न झालं आणि सांगलीची वहिनी आमच्या घरी आली. माझ्याहून थोडीशीच मोठी. पाठवणीच्या वेळी तिची आई रडली, मावश्या रडल्या, मी तर वरपक्षाची असून रडले. वहिनीचे डोळे ठणठणीत कोरडे. गाडीत बसताना तिनं ड्रायव्हरला विचारलं, "गाडी सावलीत लावायला काय झालं होतं? सीट तापलीय बघा." बायकांनी एकमेकींकडे बघितलं. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तुला वन्सं म्हणू का?" मी म्हटलं, "म्हटलंस तर मी रडेन." तेव्हापासून मला रडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. एरवी आम्ही दोघी एकमेकींना अगंतुगंच करतो.

सांगलीत वहिनीची ख्याती वेगळी होती. तिच्या गल्लीतल्या बायका म्हणे तिला बाजारात सोबत न्यायच्या, कारण भाव करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीवरून ती अशी काही भांडायची की भाजीवाली शेवटी जुडी देऊन वर लिंबू द्यायची, आणि एक दिवस चुकला की "ताई, काल आला नाहीत?" म्हणून विचारायची. हुबळीत आल्यावर मात्र ही सगळी विद्या बासनात गेली. कन्नड येत नाही, तर भांडणार कशी? पुरे म्हणायला साकु, हवं म्हणायला बेकु, जेवण झालं म्हणायला ऊटा आयतु, असे मोजके शब्द ती शिकली होती. बाजारात बोट दाखवायची, सांगतील ते पैसे द्यायची आणि पिशवी घेऊन मुकाट घरी यायची. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही गं" म्हणायची आणि हसायची. तिचं 'काही नाही' आणि हसणं जोडीनंच यायचं. मला वाटायचं, देवानं हिच्या वाटचं पाणीसुद्धा माझ्यातच ओतलंय.

मी तेव्हा धारवाडला बी.एड. करत होते. हुबळी-धारवाड म्हणजे काही लांब नाही, पण सकाळचे पाठ असायचे म्हणून सप्तापुरात एक खोली घेऊन तिघी राहत होतो. एक गदगची, एक बेळगावची आणि मी. गदगचीला मराठीचा गंध नव्हता. बेळगावची मराठी, बौद्ध घरातली, वकिलीचं शिकत होती आणि वकिलासारखीच बोलायची. आम्ही तिघी एकत्र असलो की कन्नडमध्ये बोलायचो, आणि गदगची बाहेर गेली की आम्ही दोघी मराठीत तिची नक्कल करायचो. तीही आमची करत असणारच.

मनाला लागलेलं निस्तरायची दोघींची आपापली रीत होती. गदगचीला कुणाचा राग आला की ती ज्वारीच्या भाकरी करायला घ्यायची. परातीत पीठ अशी बडवायची की खालचे मालक जिन्यातून विचारायचे, "यार म्याल सिट्टु इवत्तु?" म्हणजे आज राग कुणावर? राग साधा असेल तर भाकरी जाडसर यायची. घरून कुणीतरी फोनवर लग्नाचं काढलं की भाकरी इतकी पातळ व्हायची की तिच्यातून खिडकी दिसायची. त्या दिवसांत आम्ही फार चांगलं जेवलो.

बेळगावचीचं दुःख थोडं खानदानी होतं. ती आमच्यासमोर कधीच रडायची नाही. तिला वाईट वाटलं की ती पावडर लावून, केस नीट बांधून आम्हाला गिरमिट खायला बाहेर काढायची. गिरमिट म्हणजे आमच्याकडचं चुरमुऱ्यांचं चटपटीत खाणं, त्याच्यासोबत मिरची भजी. ती त्यातली सगळ्यात तिखट मिरची उचलायची, कचकन चावायची आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. "खारा, भाळ खारा!" म्हणत नाक पुसायची. आम्हीही "हो ना, फारच तिखट आहेत आज" म्हणायचो. एकदा गाडीवाल्यानं मनाला लावून घेतलं आणि पुढच्या वेळी बिनतिखट मिरच्या आणल्या. त्या दिवशी ती त्याच्याशी जे भांडली ते ऐकून मला वाटलं, ही कोर्टात नाव काढणार.

माझ्यावरही तिनं उपाय करून बघितला. तिची आजी विहारात जायची आणि घरी रोज डोळे मिटून बसायची. "नुसतं श्वासाकडं बघायचं," बेळगावची म्हणाली, "आत येतोय, बाहेर जातोय. रडू आलं तर तेसुद्धा बघायचं, थांबवायचं नाही." मी बसले. श्वासाकडे बघता बघता मला इतकी गाढ झोप लागली की सकाळचा पाठ बुडता बुडता राहिला. ती म्हणाली, "आजी म्हणते, हीसुद्धा प्रगतीच."

मुळात उपायाची गरज पडली ती एका पाठामुळे. बी.एड.ला खऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात. मला मिळाला होता आठवीचा वर्ग, कन्नड माध्यमाचा, विषय विज्ञान. लहानपणी मी दुकानातले डबे ओळीत मांडून त्यांना शिकवायचे, मोठा डबा मॉनिटर. मला शिक्षिकाच व्हायचं होतं, दुसरं काही होण्याचा विचारसुद्धा कधी शिवला नाही. त्या दिवशी धडा होता ध्वनीचा. मी फळ्यावर लाटा काढल्या, पोरांकडे वळले आणि बोलायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्या आमच्या मॅडम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवाज! मागपर्यंत येत नाही."

झालं. ध्वनीच्या धड्यात माझाच ध्वनी बंद. डोळ्यांत पाणी, हातात खडू. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून मला रुमाल दिला. मागून एका पोरानं बातमी दिली, "टीचर अळाकत्त्यार!" टीचर रडायला लागल्यात. मी उरलेला तास फळ्याकडे तोंड करून लाटा काढत राहिले. सबंध फळाभर समुद्र झाला.

मॅडम वाईट नव्हत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार आहेत. तिथं असं झालं तर माझ्या हातात काही नाही. विचार कर, हे काम आपल्याला जमणार आहे का." हात खांद्यावर होता म्हणून मला जास्तच रडू आलं.

खोलीवर येऊन मी पांघरूण डोक्यावर घेतलं. मनाशी ठरवलं की आता पाठ नको आणि बी.एड.ही नको, हुबळीला जाऊन दुकानात बसायचं. डब्यांपुढे रडलं तर डबे काही बोलत नाहीत. त्यात माझा फोन वाजला. वहिनीचा. मी उचलेना, बेळगावची आंघोळीला गेलेली, म्हणून गदगचीनं उचलला. इकडे मराठीचा पत्ता नाही, तिकडे कन्नडचा. पण माणुसकीला भाषा लागत नाही असं गदगचीचं मत असल्यामुळे तिनं जोरात, सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "अक्का, आकिगे भाळ अळु बंदैत्री. ऊटानू माडवल्लळ्री."

म्हणजे, अक्का, हिला फार रडू आलंय, जेवतही नाहीये.

पलीकडून वहिनी म्हणाली, "हां हां, अळू! बरं बरं. साकु साकु." आणि फोन ठेवला. गदगची समाधानानं म्हणाली, "तिळकोंडळु." समजलं तिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दारावर थाप पडली. दार उघडते तो घामाघूम वहिनी. एका हातात चार पुडांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून अळूची ही मोठाली पानं बाहेर डोकावतायत. लग्न झाल्यापासून ती एकटी बाजाराच्या पलीकडे कधी गेली नव्हती, आणि आज थेट धारवाड!

"बाई गं," ती धपकन बसत म्हणाली, "तुमचं हे सप्तापूर आहे तरी कुठं? दोन स्टॉप पुढं गेले. एकाला विचारलं 'सप्तापूर एल्लि', तर त्यानं कन्नडमध्ये अख्खं पुराण सांगितलं. मी फक्त मान हलवली." मग ती कंडक्टरवर घसरली. आमच्या राज्यात बायकांना बसचा प्रवास फुकट असतो, फक्त इथलं ओळखपत्र दाखवावं लागतं. वहिनीच्या आधार कार्डावर अजून सांगलीचा पत्ता. "कार्ड बघितलं आणि म्हणतो, 'महाराष्ट्र! तिकीट तगोरी.' बसमधल्या सगळ्या बाया फुकट, आणि मी एकटी पैसे देणारी. सगळ्या वळून माझ्याकडं बघाय लागल्या. मला तर परदेशी आल्यासारखं झालं." एवढं सांगून ती हसली. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "घे. एवढे डोहाळे लागले होते तर मला आधी सांगायचं नाही? काल संध्याकाळी अळूसाठी सगळा बाजार पालथा घातला."

डब्यात अळूवड्या. खालच्या पुडात अळूचं फदफदं, शेंगदाणे आणि मुळा घातलेलं. मी वहिनीकडे बघतेय, वहिनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघतेय, आणि गदगची तिच्याकडे कौतुकानं बघतेय. सगळ्यात आधी पेटला बेळगावचीचा दिवा. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. "वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "कन्नडमध्ये अळु म्हणजे रडणं! हिला रडू आलंय असं ती सांगत होती हो!"

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. क्षणभर तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे ही रडत होती," ती म्हणाली, "आणि मी वड्या तळत बसले?" मग तिलाही हसू आवरेना. गदगचीला कन्नडमध्ये उलगडून सांगितलं, तेव्हा ती उलटी आमच्यावरच उखडली. जे खातात त्याला रडणं म्हणायचं, ही कसली तुमची भाषा? त्या पानाला सरळ केसु म्हणतात! पण हे सांगताना तिची तिसरी वडी चालू होती. मी आदल्या दुपारपासून उपाशी होते. हसता हसता रडले आणि रडता रडता अर्धा डबा संपवला.

त्या रविवारी आमच्या खोलीत एक नवीन भाषा तयार झाली. मी चेहरा पाडून आले की दोघी विचारायच्या, "आज किती पानं?" एक पान म्हणजे नुसते डोळे भरले. पेंडी म्हणजे उशी भिजली. ओक्साबोक्शी रडलं की ते फदफदं. आणि वरून काहीच न दाखवता आत घट्ट गुंडाळून ठेवलं तर ती वडी. बेळगावची कायम वडी. गदगची म्हणाली, माझं अळू खाजरं असतं, रागाचं, ते बडवल्याशिवाय जात नाही. वहिनीनं फोनवरून दुरुस्ती केली, "खाजऱ्या अळवाला चिंच लागते गं. बडवून काय होतंय?" तेव्हापासून कुणी रागावलं की कुणीतरी काहीतरी आंबटगोड विनोद करायचा, त्याला आम्ही चिंच घालणं म्हणायचो.

वहिनीचा फोन रोज यायला लागला. पहिला प्रश्न तोच, किती पानं. मी सांगायचे, आणि त्या बदल्यात तिला कन्नड शिकवायचे. हेंग म्हणजे कसं, सण्णदु म्हणजे लहान, भाळ म्हणजे खूप. तिची जीभ जड, पण चिकाटी दांडगी. एकदा मी विचारलं, "आणि तुझी किती पानं?" ती हसून म्हणाली, "आमच्याकडं हे पीकच येत नाही."

पाठ सोडून द्यायचा माझा विचार वहिनीनंच हाणून पाडला. ती म्हणाली, "सोडायचं तर पास होऊन सोड. नापास होऊन दुकानात बसलीस तर अप्पा गिऱ्हाइकाला तोच विनोद आयुष्यभर सांगतील." हे मात्र मला पटलं. शेवटच्या पाठासाठी मला धडा आला पानाचा. पानाचे भाग, त्याचं काम, आणि काही पानांवर पाणी का ठरत नाही. "मग अळूचंच पान ने की," वहिनी म्हणाली. "अळवावरचं पाणी. हातात ते पान असताना तुझ्या डोळ्यांतलं तरी कसं ठरतंय बघू."

पाठाच्या दिवशी मी गवारीएवढी वाळले होते. मागच्या बाकावर मॅडम आणि त्यांच्या शेजारी परीक्षक बाई, जाड चष्म्याच्या, हसू घरी ठेवून आलेल्या. समोर तोच आठवीचा वर्ग, पहिल्या बाकावर तीच रुमालवाली. मी पान वर धरलं. मोठं, हिरवंगार, बदामाच्या आकाराचं. केसु हा शब्द मला जन्मापासून माहीत आहे. पण महिनाभर खोलीत आमचं जे चाललं होतं त्यानं जिभेला वळण लागलेलं. मी खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "मक्कळा, इदु अळुविन एले!"

मुलांनो, हे रडण्याचं पान.

मग रुमालवाली उभी राहून काळजीनं म्हणाली, "टीचर, अळु अल्लरी, केसु!" आणि सगळा वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. मला तळपायापासून कळलं की आता येणार. नाक लाल झालं, आणि डोळ्यांतून पाणी सरळ गालावर. मला त्या क्षणी पळून जावंसं वाटत होतं. पण हातात पान होतं आणि ते खाली ठेवायला टेबल लांब होतं. मग मला बेळगावचीच्या आजीची आठवण झाली. थांबवायचं नाही, बघायचं. मी बघितलं. पाणी येत होतं. येऊ दे. मी म्हणाले, "अळुनू ऐती, केसुनू ऐती." रडणंही आहे आणि केसुही आहे. "आता पाणी कोण आणतंय?"

पोरं परत हसली, पण आता माझ्यासोबत. दोघीतिघी पाण्याची बाटली घेऊन धावल्या. मी पान तिरकं धरलं, वर पाणी ओतलं, आणि त्याचे गोल थेंब होऊन घरंगळत गेले. सगळा वर्ग बाक सोडून भोवती जमला. का ठरत नाही पाणी? पान ओलं का होत नाही? बोट लावून बघा. मेणचट लागतंय ना? प्रश्नावर प्रश्न. मी उत्तरं देत होते, आवाज कापत होता पण मागपर्यंत जात होता, आणि डोळे आपलं काम स्वतंत्रपणे करत होते. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. रडणं थांबल्याशिवाय बोलता येत नाही असं मी आजवर धरून चालले होते. दोन्ही एकदम करता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तास संपल्यावर परीक्षक बाईंनी चष्मा काढून विचारलं, "यावाग्लू हिंगेनु?" नेहमीच असं होतं का?

"हौद्री," मी म्हटलं. "आद्र पाठ निल्लंगिल्लरी." होय. पण पाठ थांबत नाही.

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग रुमालवालीला विचारलं, "काय शिकलीस?" तिनं पानाचे सगळे भाग घडाघडा सांगितले आणि शेवटी म्हणाली, "आणि टीचर रडल्या तरी चालतं." बाईंचं हसू त्या दिवशी शाळेतही आलेलं होतं, हे तेव्हा कळलं. मी पास झाले.

बाहेर येऊन पहिला फोन वहिनीला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती हसली, खूप हसली. मग म्हणाली, "सगळ्या वर्गासमोर रडलीस? आणि कुणी काही बोललं नाही?"

"काही नाही. उलट पाणी आणून दिलं."

मग "बरं झालं गं" म्हणाली, आणि काम आहे सांगून फोन ठेवला. एरवी ही बाई फोन ठेवायला तयार नसते. खोलीवर येऊन दोघींना सांगितलं तर बेळगावची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "वडी आहे ती. जा तू." वडीला वडीची पारख. मी हुबळीची बस पकडली.

घरी वहिनी माझ्यासाठी दारातच उभी. हसरीच. "चल," म्हणाली, "पास झालीस, आज परत वड्या करू. अळू आणू, आणि बोलणार मी. तू नुसती मागं उभी राहा. बघू शिकवणी कशी झालीय." आम्ही बाजारात गेलो. कोपऱ्यावर एक म्हातारीशी भाजीवाली पानांवर पाणी शिंपडत बसली होती. वहिनीनं पदर खोचला, सांगलीच्या थाटात उकिडवी बसली, आणि माझ्याकडून शिकलेलं सगळं पणाला लावून विचारलं, "अक्का, अळु हेंग?"

अक्का, रडणं कसं दिलं?

मी कपाळाला हात लावला. भाजीवालीनं वर बघितलं. तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "अळु पुकट ऐतवा," ती म्हणाली. "केसुविगे रोक्का कोडबेकु."

"काय म्हणाली?" वहिनीनं मला विचारलं.

"रडणं फुकट आहे, म्हणाली. केसुचे पैसे पडतील."

वहिनी हसली. "फुकट? आधार कार्ड न दाखवता?" आणि पुन्हा हसली, आणखी जोरात, आणि हसता हसता तिचा आवाज कुठेतरी फाटला. तिनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं हसतेच आहे. मग तिचे खांदे हलताना दिसले. "मला इथं भांडता पण येत नाही गं," ती म्हणाली. "आईशी बोलताना रोज सांगते, सगळं छान आहे. छान आहेच गं. पण मी कुठं आहे त्यात? कुणाशी दोन शब्द बोलायचे म्हटले तर बोट दाखवावं लागतं."

भर बाजारात, पालेभाजीच्या ढिगापुढे उकिडवी बसून ती रडली. फदफदं. मी तिच्या शेजारी बसले आणि अर्थातच माझंही सुरू झालं. लोक पिशव्या सांभाळत आमच्या बाजूनं जात होते. कुणीतरी विचारलं काय झालं, तर भाजीवाली म्हणाली, "अळली बिडरी." रडू दे, सोडा. आणि ती पानांवर पाणी शिंपडत राहिली, जमेल तेवढं आमच्यावरही.

थोड्या वेळानं वहिनीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि समोर ठेवलेली पेंडी उचलून खालीवर करून बघितली. तिच्या कपाळाला एक आठी पडली. ती सांगली सोडून आल्यापासून अशी आठी मी पहिल्यांदाच बघत होते. "अक्का," ती म्हणाली, "इदु भाळ सण्णदु!" ही फार लहान आहे. भाजीवालीनं कंबरेवर हात ठेवला. पुढे जे झालं त्यात वहिनीचं कन्नड अर्धं चुकलं आणि अर्धं मराठीच होतं, पण दोघींचं एकमेकींना सगळं समजत होतं. मी मागे उभी होते. माझी पहिली विद्यार्थिनी भांडत होती. शेवटी पेंडीत आणखी पानं आली आणि वर एक लिंबू आलं.

निघताना भाजीवालीनं विचारलं, "नाळे बरतीयेनवा?" उद्या येतेस ना गं?

वहिनीला हे मी शिकवलं नव्हतं, तरी कळलं. केसुचे पैसे दिले. अळू फुकटच पडलं.